केशवपन, आलवण आणि पार्वतीबाई आठवले

सतराव्या शतकात इटलीतल्या व्हेनिस शहरात मुलींचा हुंडा इतका वाढला होता, की एक-दोघींची लग्ने लावून बाकीच्या मुलींना ख्रिस्ती मठात धाडत. मठालाही हुंडा लागे, पण कमी. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला हा हिशेब चटकन कळला! आर्कांजेला ताराबोत्ती (१६०४-१६५२) अशीच मठात टाकलेली मुलगी. ती बाहेर पडू शकली नाही, पण आत बसून तिने बापांच्या जुलमावर पुस्तक लिहिले. ते तिच्या मृत्यूनंतर १६५४ मध्ये निघाले आणि चर्चने त्यावर बंदी घातली.

हे वाचताना आजीची आत्या आठवली. मी तिला पाहिले नाही, आजीकडून ऐकले तेवढेच. बाराव्या वर्षी वैधव्य, परसात न्हाव्यासमोर बसवलेली, मग जन्मभर लाल आलवण आणि एक वेळ जेवण. आपल्या ब्राह्मण घरांत वेगळा मठ बांधावा लागला नाही, माजघर पुरले. शिवाय राबणारे दोन हात फुकट मिळत.

यातून निघायचे तर आधी पोटाची सोय हवी. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी दोघांना वाळीत टाकले.

गोदूबाईची बहीण पार्वतीबाई आठवले मला जास्त जवळची वाटते. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी लहान मुलगा. कर्व्यांच्या आश्रमासाठी ती गावोगाव वर्गणी मागत हिंडली, तीही कित्येक वर्षे सोवळ्या वेषातच. पुढे खूप विचार करून तिने केस वाढवले. लोक म्हणाले, आता हिला लग्न करायचे असेल. तिने लग्न केले नाही. १९१८ मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकायला ती अमेरिकेला गेली आणि तिथे लोकांकडे घरकाम करून राहिली. हे सारे तिच्या ‘माझी कहाणी’त आहे, जरूर वाचा.

आता घरचे. गेल्या संक्रांतीला भोपाळमध्येच एका हळदीकुंकवाला सौ.ला सोडायला गेलो होतो. आमच्या ओळखीच्या एक काकू दाराजवळच्या खुर्चीवर बसून होत्या. तिळगूळ मिळाला, वाण मात्र पुढच्या बाईला गेले. आपल्या महिला शाखेची बैठक डिसेंबरात असते. निमंत्रणातला ‘सुवासिनींनी’ हा शब्द काढून ‘सर्व भगिनींनी’ असे छापावे, अशी माझी सूचना आहे.