परक्या गावची बोली: बोलावी किती, ऐकावी किती?

फ्रान्समध्ये दुकानात शिरलं की आधी ‘बोंझूर’ म्हणायचं असतं. ते न म्हणता एकदम भाव विचारला, तर दुकानदाराला तो उद्धटपणा वाटतो. आपल्याला याची गंमत वाटते. पण साताऱ्या-सांगलीकडे तरी वेगळं काय आहे?

मुंबईचा माणूस तासगावात उतरतो, रस्ता विचारतो. पारावरचे आजोबा म्हणतात, ‘काय पावणं, कुठलं गाव?’ याला वाटतं, ह्यांना कशाला नसत्या चौकश्या! वास्तविक ती चौकशी नव्हेच. मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली एका निबंधात हे छान उलगडलं: काही बोलणं माहितीसाठी नसतं, नातं जोडण्यासाठी असतं. ‘जेवला का?’ हेही त्यातलंच. आधी गाव सांगा, मग रस्ता आपोआप कळतो.

आता ‘की’ हे एवढंसं अक्षर बघा. ‘बसा’ ही आज्ञा झाली; ‘बसा की’ हा आग्रह. फ्रेंच माणूस विनंती करताना ‘सिल व्हू प्ले’ म्हणतो, म्हणजे ‘आपल्याला रुचत असेल तर’. आपल्याकडे ‘कृपया’ पाटीवरच राहतं. घरात ‘मावशी, जरा पाणी देता का?’ एवढं पुरतं. नम्रता त्या ‘मावशी’त आणि ‘जरा’त आली.

पण ‘काय मर्दा’, ‘आरं लेका’ यांचं तसं नाही. हे शब्द जवळिकीने मिळतात, उचलता येत नाहीत. पॅरिसची तरुण मुलं शब्द उलटे करून बोलतात. ‘बिझार’ म्हणजे विचित्र, त्याचं ‘झार्बी’ होतं. पर्यटकाने ते समजून घ्यावं, म्हणून दाखवू नये. आपल्याकडे तर कारण आणखी खोल आहे. गावाकडची बोली सिनेमा-नाटकांत अनेकदा हसण्यापुरतीच आणली गेली. त्यामुळे पाहुण्याने हौसेनं ‘मर्दा’ म्हटलं, तरी ऐकणाऱ्याला त्यात नक्कल ऐकू येते. प्रश्न उच्चाराचा नाही, मानाचा आहे.

तेव्हा प्रवाशाने एवढं करावं: रांगडे शब्द कानात साठवावेत, आदराचे शब्द तोंडात ठेवावेत. आणि निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं. फ्रेंचांच्या ‘ओ रव्वार’चाही अर्थ ‘पुन्हा भेटेपर्यंत’ असाच आहे.