टाकी तपासताना घरच्यांनी काय करावे

२०१४ साली स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली. संडास बांधायला १२,००० रुपये मिळू लागले. घनसावंगी तालुक्यातही घरोघर संडास झाले. कुणी दोन खड्ड्यांचा बांधला, कुणी सेप्टिक टाकी केली. टाकीवर एकदा फरशी बसली की तिच्याकडे कोण बघतो? घाण अंगणात आली म्हणजे आठवण होते.

टाकीत काय चालते ते आधी पाहू. जड मैला तळाशी बसतो. तेलकट साय वर तरंगते. मधले पाणी नळीने शोषखड्ड्यात जाते. तळाचा मैला जंतू खातात, तरी गाळ उरतोच. गाळ फार वाढला की तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा बुजतो. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, पाणी लवकर पीत नाही. मग खड्डा लवकरच तुंबतो. म्हणून टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी आणि मधूनमधून तपासून घ्यावी.

तपासणारा आला की घरधनी म्हणतो, "बघा तुम्ही, मी शेतात जातो." असे करू नका. जवळ थांबा. टाकी कुठे आहे, कधी बांधली, मागे कधी उपसली, घरात माणसे किती, हे तुम्हीच सांगू शकता. घरच्या बाईलाही बोलवा. पाणी कधीपासून हळू जाते, वास कधी येतो, हे तिला जास्त ठाऊक असते. तिला कोणी विचारत नाही, ही आपली खोड आहे.

तपासणीआधी टाकी उपसू नका. पाण्याची पातळीच सारे सांगते. पाणी बाहेरच्या नळीच्या खाली गेले असेल, तर टाकीला चीर असेल. नळीच्या वर चढले असेल, तर पुढची वाट तुंबली आहे.

गाळ मोजायची रीत सोपी आहे. लांब बांबूला पांढरे फडके गुंडाळतात. बांबू तळापर्यंत सोडून थोडा वेळ धरतात, मग हळूच वर काढतात. फडके जिथवर काळे, तिथवर गाळ. पाणी साडेचार फूट खोल आणि काळे दीड फूट, म्हणजे तिसरा हिस्सा भरला. आता उपसा करायला हवा. ते फडके तुम्ही स्वतः पाहा.

झाकण काढल्यावर वाकून पाहू नका. आतला वायू विषारी असतो, पेटही घेतो. विडी, काडी, कंदील लांब ठेवा. पोरांना जवळ येऊ देऊ नका. आत तर कुणीच उतरू नये. एक जण बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही जातो. संरक्षणाच्या साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा. गाडीवाल्याला विचारा, "बाबा, हे नेऊन कुठे टाकणार?" ओढ्यात ओतले तर ते फिरून आपल्याच विहिरीत येईल.

जाण्याआधी त्याच्याकडून झाकण घट्ट बसवून घ्या. मग वहीत तारीख लिहा, गाळ किती फूट होता तेही लिहा. पुढच्या वर्षी तोच आकडा काढून दाखवा.