आकृतीत दिसतंय, मग कारण कशाला?

डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून कधी रुळांकडे पाहिलंय? जसजसे लांब जातात तसतसे दोन्ही रूळ जवळ येताना दिसतात. खरंच तसं असतं, तर ठाण्याला जाणारी लोकल कोपरच्या अलीकडेच घसरली असती! तिथे आपण डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

भूमितीच्या वहीत मात्र अगदी बिनधास्त ठेवतो. सिद्धतेच्या उजवीकडे कारण लिहायचं असतं, तिथे 'आकृतीवरून दिसते' किंवा 'मोजून पाहिले' असं लिहून मोकळे होतो. काही हुशार मंडळी तर सरळ 'पक्ष' लिहितात, पक्षात ती गोष्ट दिलेली असो वा नसो! मग बाईंची लाल रेघ, गुण कापलेला आणि आपला फुगलेला चेहरा.

कारण विचारण्याची ही खोड बाईंचीच आहे असं नका समजू. सह्याद्रीच्या परिसरातले भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी 'बीजगणित' या ग्रंथात एक उदाहरण घातलंय. काटकोन त्रिकोणाच्या भुजा १५ आणि २०, तर कर्ण किती? २५, हे तुम्ही चटकन सांगाल. पण भास्कराचार्य तेवढ्यावर सोडत नाहीत. या रूढ गणिताची उपपत्तीही सांगा, म्हणतात. उपपत्ती म्हणजे हे असंच का, ते!

मोजण्यात काय बिघडलं? वर्गातल्या सगळ्यांना एकेका त्रिकोणाचे कोन मोजायला सांगा. कोणाची बेरीज १७९ अंश येईल, कोणाची १८१. समजा, सगळ्यांची बरोब्बर १८० आली, तरी न काढलेले त्रिकोण उरलेच ना! त्यापेक्षा शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. व्युत्क्रम कोन एकरूप असतात, म्हणून पायाजवळच्या दोन कोनांएवढेच कोन वर तिसऱ्या कोनाच्या दोन्ही बाजूंना मिळतात आणि तिघांचा मिळून सरळ कोन होतो. यात कुठे कोनमापक लागला? म्हणूनच हे कल्याणच्या मुलीने काढलेल्या त्रिकोणालाही लागू आणि तुम्ही उद्या काढाल त्यालाही.

आता खरी गंमत. बाबाबा, बाकोबा, कोबाको या कसोट्या तुम्हाला पाठ असतील. मग बाबाको का नाही बरं? कंपासपेटी काढाच. अब हा ६ सेंटिमीटरचा रेषाखंड घ्या. अ पाशी ३० अंशांचा कोन करून लांबलचक किरण काढा. आता ब केंद्र धरून ४ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस मारा. बघा, कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो! अ पासून एक बिंदू सुमारे अडीच सेंटिमीटरवर, दुसरा पावणेआठच्या किंचित पुढे. दोन्ही त्रिकोणांत दोन बाजू त्याच, ३० अंशांचा कोन तोच. पण एक त्रिकोण चिमुकला आणि दुसरा चांगला ऐसपैस. आपण वहीत यातला एकच काढतो, दुसरा मनातही येत नाही. म्हणून 'दिसते' म्हणणारा नेमका इथे फसतो.

पण थांबा! काटकोन त्रिकोणात कर्ण-भुजा कसोटी चालते, आणि नीट पाहिलं तर तीही बाबाकोच की! मग तिथे का चालते? अ पाशी ३० ऐवजी ९० अंश घ्या, किरण मागच्या बाजूलाही वाढवा आणि या वेळी ७ सेंटिमीटरचा कंस मारा. दुसरा छेदनबिंदू कुठे पडला? तिथे होणारा त्रिकोण पहिल्याशी ताडून पाहा. आणि हो, उजवीकडे कारण लिहूनच वही बाईंना दाखवा!