ताकाचा पेला आणि पोटाची तक्रार

दिवाळीच्या अंकात पोट साफ होण्याविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही सोवळ्या वाचकांना पडेल. पण चकल्या, चिवडा आणि बेसनाचे लाडू यांचा चार दिवस यथेच्छ समाचार घेतल्यावर पाचव्या दिवशी घराघरांतून याच विषयाची कुजबुज चालते, हे कोण नाकारील?

आमच्या औशाकडे या तक्रारीवर जुने उत्तर आहे: ताक! ज्वारीची भाकरी ताकात कुस्करायची, चवीला मीठ, तोंडी लावायला कांदा. शहरांतील नव्या पिढीने मात्र ताकाऐवजी दुकानातली इवलीशी गोड बाटली जवळ केली आहे. तिच्यात कोट्यवधी उपकारक जंतू असतात म्हणे! मग खरे कोणाचे मानावे, आजीच्या रवीचे की बाटलीचे?

ही कल्पना मूळची जुनीच. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले, की बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य त्यांच्या आंबट दुधात आहे. त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र रोगप्रतिकारावरील संशोधनासाठी, दह्यासाठी नव्हे! पुढे जपानात डॉ. शिरोता यांनी १९३० साली एक चिवट जंतू वेगळा काढला आणि १९३५ साली त्याचे पेय बाजारात आले. ‘याकुल्ट’ ते हेच. आपल्याकडे तर चरकसंहितेने मूळव्याधीवर आणि ग्रहणीवर ताकाची महती कधीच गायिली आहे.

आता निरोगी माणसाच्या पोटाचे पाहू. मोठे आतडे मळातील पाणी शोषून घेते. मळ तेथे जितका रेंगाळेल, तितका तो घट्ट होतो. काही विशिष्ट जंतू आतड्याची चाल थोडी वाढवतात, असे काही प्रयोगांत दिसले आहे. पण हा गुण जंतूगणिक निराळा, आणि परिणामही बेताचाच. ‘ॲक्टिव्हिया’ दह्याच्या जाहिरातींबद्दल २०१० साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डॅनन कंपनीला आवर घातला. रोज तीन वाट्या खाव्या लागतील हे सांगितल्याशिवाय पोट साफ होण्याची ग्वाही देऊ नये, असे ठरले!

घरचे विरजण घरोघर वेगळे. त्यात कोणते जंतू किती, हे कोणी मोजलेले नसते. म्हणून ते औषध नव्हे, उत्तम अन्न आहे. दूध न सोसणाऱ्यांनाही दही बरे पचते, कारण त्यातले जंतूच दुग्धशर्करा पचवायला हातभार लावतात. कढी उकळली की मात्र ते जंतू मरतात; चव तेवढी उरते.

माझ्या मते आजीच्या ताटातले खरे बळ एकट्या ताकात नव्हते. भाकरीचा कोंडा, पालेभाजी, ताकातले पाणी आणि दिवसभराचे कष्ट, यांचा तो मेळ होता. पाण्याचे मोल आम्हा लातूरकरांना कोणी शिकवायला नको. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते! घरातल्या बायका कामाच्या गडबडीत, किंवा बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून, पाणी पिणे टाळतात. बद्धकोष्ठाला तेही पुष्कळ कारण होते. त्यावर बाटली काय करणार?

रोज सकाळी ठरल्या वेळी झालेच पाहिजे, हा हट्टही नको. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सारे वैद्यकशास्त्र स्वाभाविकच मानते. परंतु शौचातून रक्त पडले, वजन उगाच उतरले किंवा उतारवयात सवय एकाएकी बदलली, तर ताक आणि चूर्ण यांवर महिनेच्या महिने काढू नयेत. मूळव्याध असेल असे म्हणून लाजेने गप्प बसणाऱ्याचा आतड्याचा कर्करोगही कधी कधी उशिरा कळतो. तेव्हा सरळ डॉक्टर गाठावा.

बाकी निरोगी मंडळींनी फराळानंतर ताकाचा पेला खुशाल घ्यावा. बाटली परवडत असेल, तर तीही घ्यावी. फक्त भाकरी, भाजी आणि पाणी यांना ताटावरून उठवू नये!