बॉनेटवरचा आकडा

आमच्याकडे कुणी ट्रॅक्टर आणला की पहिला प्रश्न, ‘कोणता घेतला?’ उत्तर येतं, ‘पाचशे पंचाहत्तर.’ या आकड्यात अश्वशक्ती शोधायला गेलं की मात्र गोंधळ उडतो. महिंद्रा ५७५ डीआयचं इंजिन ४५ अश्वशक्तीचं. जॉन डिअर ५०५० डी हा मात्र खरोखरच ५० चा. पहिला पाच मालिकेचा, पुढचे ०५० ताकदीचे.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ट्रॅक्टरवर जोडआकडा असे, ‘१२-२५’ असा. पहिला ओढीचा, म्हणजे नांगराच्या वाट्याला येणारा. दुसरा पट्ट्यावर मळणीयंत्र फिरवतानाचा. गिअर, चाकं आणि मातीतली घसर मिळून किती ताकद खातात, ते या दोहोंमधल्या अंतरातच दिसे. थापाही पुष्कळ चालत. नेब्रास्कातले शेतकरी-आमदार विल्मॉट क्रोझर यांचे अशाच एका ट्रॅक्टरने हात पोळले. त्यांनी १९१९ मध्ये कायदाच करून घेतला: विद्यापीठात चाचणी झाल्याशिवाय राज्यात नव्या मॉडेलची विक्री नाही. १९२० मध्ये पहिली चाचणी झाली ती वॉटर्लू बॉय १२-२५ ची, आणि तो आपल्या आकड्याला जागला. ती कंपनी जॉन डिअरने १९१८ मध्येच विकत घेतली होती. त्याच जॉन डिअरचे ट्रॅक्टर आज पुण्याजवळ सणसवाडीत तयार होतात.

महिंद्राच्या २७५ ची कुळी वेगळी. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा इंटरनॅशनल बी-२७५ हा त्याचा पूर्वज, ३५ अश्वशक्तीचा. १९६० च्या दशकात तो कांदिवलीत बनू लागला. पुढे त्यातून ३९ अश्वशक्तीपर्यंतची मॉडेलं निघाली, तरी आकडा तोच राहिला. लोकांच्या तोंडी बसलेला आकडा कोण बदलेल?

सिलिंडरांचा हिशोबही असाच फसवतो. डिझेल पंपातून निघणाऱ्या बारीक पोलादी नळ्या मोजा, जितक्या नळ्या तितके सिलिंडर. ५७५ ला चार, स्वराज ८५५ ला तीन. पण ५७५ चे चार मिळून २,७३० घनसेंटिमीटर, आणि ८५५ चे तीनच ३,३०० च्या वर. आयशर २४१ तर एकाच सिलिंडरवर २५ अश्वशक्ती देतो. अश्वशक्ती म्हणजे पीळ आणि फेरे यांचा गुणाकार. छोटं इंजिन जोरात पळवून किंवा मोठं सावकाश फिरवून ती सारखीच भरते. फरक कळतो काळ्या रानात. रोटाव्हेटरच्या पात्यांत वाळलेलं ढेकूळ अडकतं, फेरे उतरतात, धूर काळा होतो, इंजिन दबतं. त्या क्षणी कमी फेऱ्यांवर पीळ धरून ठेवणारं इंजिनच निभावून नेतं.

आणि रोटाव्हेटरला ४५ अश्वशक्ती मिळतच नाही. ५७५ च्या पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, येते सुमारे ४०. हा आकडा बॉनेटवर कुठेच नसतो, माहितीपत्रकाच्या एका रकान्यात बारीक अक्षरात असतो. कुणासोबत ट्रॅक्टर बघायला गेलो की मी आधी त्या रकान्यावर बोट ठेवतो.