कर्नाळ्याच्या अंगठ्यावर धूर की धुकं?

"मावशी, बघ! कर्नाळ्यावर आग लागलीय!"

जुलैतली सकाळ होती. पनवेल स्टँडवरून सुटलेल्या महाडच्या गाडीत आम्ही दोघी होतो, खिडकीशी माझी सहावीतली भाची. पळस्पे फाटा गेला, शिरढोण गेलं आणि डोंगर समोर आला. कर्नाळ्याचा तो सुळका तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. काळ्या दगडाचा, सव्वाशे फुटांच्या आसपास उंच, लांबून अगदी अंगठा वर केल्यासारखा. त्या अंगठ्याभोवती पांढरा लोट होता.

"आग दिसतेय तुला?" मी विचारलं.

"आग नाही, धूर दिसतोय. पण धूर आहे म्हणजे आग असणारच ना!"

मुलांनो, मला इतका आनंद झाला! कर्नाळा नव्हे, पण असाच एक डोंगर, असाच धूर आणि अशीच न दिसणारी आग घेऊन आपल्याकडचे पंडित शेकडो वर्षं शिष्यांना विचार करायला शिकवत आले. या विद्येचं नाव न्यायशास्त्र. इथे न्याय म्हणजे कोर्टातला न्याय नव्हे. माहीत असलेल्या गोष्टीवरून माहीत नसलेल्या गोष्टीकडे न घसरता कसं जायचं, त्याची ही रीत. गौतम ऋषींची न्यायसूत्रं हा तिचा मूळ ग्रंथ. (गौतम बुद्ध वेगळे बरं का.)

आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवायचं तर पाच पायऱ्या चढायच्या, असं न्यायशास्त्र सांगतं. मी पाच बोटं पुढे केली. करंगळी म्हणजे प्रतिज्ञा. पुस्तकाच्या सुरुवातीला असते ती नव्हे, तर 'डोंगरावर आग आहे' हे आपलं म्हणणं. दुसरं बोट हेतू, म्हणजे कारण: 'कारण तिथे धूर आहे.' तिसरं उदाहरण: 'जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात.' चौथं उपनय: 'या डोंगरावरही तसाच धूर आहे.' आणि अंगठा म्हणजे निगमन: 'म्हणून डोंगरावर आग आहे.'

भाचीने तिसरं बोट धरून ठेवलं. "स्वयंपाकघरात कुठे असतो धूर? आमच्याकडे गॅस आहे. आग असते, धूर नसतो."

छान शंका होती. पण तिने नियम मोडला का? नियम म्हणतो, धूर तिथे आग. आग तिथे धूर असं तो म्हणतच नाही. उलटं वाचलं की फसगत होते. हे जुन्या पंडितांनाही ठाऊक होतं. भट्टीत तापून लालबुंद झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला ते देत: आग आहे, धूर नाही. मग धूर केव्हा होतो? जळण ओलं असलं तर. पावसाळ्यात चुलीत ओलं लाकूड सारलेलं पाहिलंत कधी? आधी टोकाला पाण्याचे बुडबुडे येतात, लाकूड चुरचुरतं, आणि मग डोळ्यांतून पाणी काढणारा धूर घरभर होतो. पाणी उडून जाण्यातच बरीच उष्णता खर्च होते, लाकूड पुरतं जळत नाही, आणि न जळलेले बारीक कण वर उठतात. गॅस नीट पेटलेला असला की जवळजवळ सगळा जळून जातो, म्हणून ज्योत निळी आणि भिंत स्वच्छ.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि इंडक्शनची शेगडी? परवा आईने फोडणीसाठी तेल तापत ठेवलं आणि तिला फोन आला. कढईतून हा एवढा धूर! आग कुठेच नव्हती."

आता गप्प व्हायची पाळी माझी होती. हा दाखला खरा आहे. आग नाही आणि धूर आहे. पेण येईपर्यंत मी विचार करत होते. मग आम्ही दोघींनी मिळून नियम दुरुस्त केला: धूर आहे तिथे काहीतरी करपवण्याइतकी उष्णता आहे. डोंगरावर शेगडी कोण नेणार? तेव्हा तिथे अजूनही आगच म्हणायची. पण दोन हजार वर्षांच्या जुन्या दाखल्यात फोडणीच्या कढईने फट पाडली, आणि ती पाडली सहावीतल्या मुलीने!

खरी गोम मात्र दुसऱ्या बोटात होती. तो धूर होता तरी का? वाफेला धूर समजण्याची चूक जुन्या तर्कग्रंथांतही नोंदलेली आहे. जुलैत समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगराला अडते, वर चढते, चढताना थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. तो ढगच, आपण त्याला धुकं म्हणतो. धूर बहुधा एका जागेवरून उठतो, त्याला जळका वास असतो. हा लोट सुळक्याला चहूबाजूंनी चिकटून बसला होता.

"म्हणजे मी उगाच वाद घातला," ती म्हणाली.

अजिबात नाही! हा 'वाद' शब्द आपण फार खाली आणून ठेवलाय. 'वाद घालू नकोस' म्हणजे आपल्याकडे 'भांडू नकोस'. न्यायसूत्रांत मात्र वाद हा चर्चेचा सगळ्यांत चांगला प्रकार आहे: दोघांनी मिळून खरं काय ते शोधायचं, आणि पटलं तर आपलं म्हणणं सोडायचं. फक्त जिंकण्यासाठी बोलणं तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं ती वितंडा. आपला 'वितंडवाद' तिथूनच आला. वाद कुणाशी करावा तेही तिथे सांगितलंय, आणि त्या यादीत गुरूही आहेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. 'मोठ्यांना उलट बोलू नये' हे आपण ऐकतो, पाळतोही. पण 'असं का?' हे नम्रपणे विचारणं म्हणजे उलट बोलणं नव्हे. नियम चांगला असेल तर त्याच्यापाशी हेतू असतोच.

आणि नसला तर? आमची गाडी ज्या महाडला चालली होती, तिथेच हे एकदा घडलं.

महाडचं चवदार तळं नगरपालिकेचं. १९२४ साली नगरपालिकेने ठराव करून ते सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. तरी ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना कुणी पाणी घेऊ देत नव्हतं. गुरांना तिथे मनाई नव्हती, या माणसांना होती. २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर त्या लोकांना मारहाण झाली. शेणगोमूत्र, दूधदही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. मग काही जण कोर्टात गेले. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले तेव्हा कोर्टाचा मनाईहुकूम आलेला होता. हजारो माणसं तळ्यावर जायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं, सगळे तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले आणि पाण्याला हात न लावता परतले.

आता विरोधकांचं म्हणणं बोटांवर घ्या. प्रतिज्ञा: या लोकांनी इथलं पाणी घ्यायचं नाही. हेतू: पूर्वापार तसंच चालत आलंय. न्यायाधीशांनी याच बोटावर बोट ठेवलं. पूर्वापार म्हणता, तर ते सिद्ध करा! ते सिद्ध झालं नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळ्यावरचा सगळ्यांचा हक्क कायम झाला.

माणगाव मागे पडलं होतं. भाची बोटांवर काहीतरी मोजत होती.

"वीस मार्च ते सतरा मार्च," ती म्हणाली. "दहा वर्षांना फक्त तीन दिवस कमी. ओंजळभर पाण्यासाठी एवढा वेळ का लागला, मावशी?"

महाड येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.