कुलदेवतेच्या आधीचे गाव

मुंबईत, बेळगावात किंवा कारवारात चार पिढ्या काढलेल्या गोमंतकीय घरात मूळ गाव विचारले, तर उत्तर तयार असते: मंगेशी, कवळे, म्हार्दोळ. लग्नपत्रिकेवर कुलदेवतेचे नाव असतेच, अधूनमधून अभिषेकाला जाणेही होते. वंशावळ लिहायला बसलेला माणूस मग पहिल्या पानावर तेच गाव घालून मोकळा होतो. पण या तिन्ही ठिकाणी देवच बाहेरून आलेले आहेत. त्यांच्यामागे आणखी एक गाव आहे आणि पुष्कळ घरांतून त्याचे नाव पुसले गेले आहे.

१५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथली देवळे पाडली गेली. १५६७ मध्ये एकट्या साष्टीत शेकडो देवळे गेली. त्यातून जे देव वाचले, त्यांतले बरेचसे भाविकांनी जुवारी नदी ओलांडून फोंड्याकडे नेले. तो मुलूख, म्हणजे अंत्रुज महाल, तेव्हा आदिलशाहीत होता. पोर्तुगिजांकडे तो गेला थेट १७६३ मध्ये. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. रामनाथ लोटलीचा आणि महालक्ष्मी कोलव्याची. दोघांनाही बांदिवड्यात जागा मिळाली.

देव हलले की गावांची नावेही हलतात. प्रियोळात ज्या भागात मंगेश स्थिरावला, तो भागच मंगेशी झाला. गायक-नट दीनानाथांनी या मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतले. आडनाव आपल्याला मंगेशीपर्यंत नेते आणि तिथेच सोडते. पुढची वाट देवाच्या इतिहासातून जाते: मंगेशीहून कुठ्ठाळी, आणि कुठ्ठाळीहून सह्याद्रिखंडातली कुशस्थळी. पोर्तुगीज दप्तरात हेच गाव ‘कोर्तालिम’ म्हणून येते. एकाच गावाची ही तीन रूपे ठाऊक नसली, तर तीन वेगळ्या गावांचा शोध घेत बसावे लागते.

म्हार्दोळची गोष्ट तर मला सगळ्यांत विलक्षण वाटते. म्हाळसेचे मूळ स्थान वेर्ण्यातले, आणि त्या जागेला आजही जुने म्हार्दोळ म्हणतात. देवीबरोबर जागेचे नावही नदीपलीकडे गेले. म्हणजे जुन्या कागदात ‘म्हार्दोळ’ दिसले, तर आधी कागदाचे साल पाहायला हवे. वंशावळीच्या कामात आपण ‘कुठे’ विचारण्याची घाई करतो. ‘कधी’ हे ठरल्याशिवाय ‘कुठे’ला उत्तर नाही.

केळोशीच्या बाबतीत अडचण निराळी. मुरगाव तालुक्यात केळोशी, दापोली तालुक्यात केळशी, वेंगुर्ल्याजवळ केळूस. शिवचरित्रकार कृष्णराव अर्जुन केळूसकर हे या तिसऱ्या गावचे. जुन्या हस्ताक्षरात, विशेषतः मोडीत, काना-मात्रा नीट लागली नाही की ही नावे एकमेकांत मिसळतात. नुसत्या उच्चारसाम्यावर जोडलेली वंशावळ मी विश्वासार्ह मानत नाही. गावासोबत तर्फ, महाल किंवा तालुका, शेजारचे गाव, आणि देव या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. दापोलीच्या केळशीची महालक्ष्मी प्रसिद्ध आहे. घरातली परंपरा शांतादुर्गेची असेल, तर आधी केळोशीचा विचार करायचा.

हे जुळवायचे कुठे? पहिली जागा देवस्थानाचीच. गोव्यातल्या देवळांचा कारभार महाजनांकडे असतो, आणि १९३३ च्या देवस्थान कायद्याच्या चौकटीत महाजनांच्या नोंदी ठेवल्या जातात. कोणत्या देवळात कोणत्या घराण्यांना महाजनकी आहे, यावरून घराणे एका विशिष्ट देवाशी आणि त्या देवाच्या जुन्या गावाशी बांधता येते. दुसरी जागा पणजीचे पुराभिलेख. या दप्तराची स्थापना १५९५ मधली. पहिला दप्तरदार इतिहासकार दियोगु दु कौतु. साष्टीच्या १५६७ च्या फोरालमध्ये, म्हणजे जमीन-महसुलाच्या नोंदवहीत, देवळांच्या जप्त जमिनींची नोंद आहे. ज्यांनी देवळे उखडली, त्यांनीच देवांच्या जमिनी गावागावांनुसार लिहून ठेवल्या, त्यामुळे देऊळ उरले नाही तरी त्याचा ठावठिकाणा लागू शकतो. पोर्तुगीज वाचता येणारा जाणकार सोबत हवाच.

तिसरी जागा गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद, गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणारी संस्था. तिकडे आपली माणसे फारशी वळत नाहीत, याचे मला वाईट वाटते. गावकरीत घराण्यांचे गट असतात, त्यांना वांगड म्हणतात. कुठ्ठाळी, केळोशी, वेर्णे इथून सगळेच नदीपलीकडे गेले नाहीत. बरेच लोक धर्मांतर करून तिथेच राहिले, त्यांची आडनावे पोर्तुगीज झाली, पण गावकरी आणि वांगडांची विभागणी चालू राहिली. आपल्या कुळाच्या निघून गेलेल्या शाखेचे नाव घरच्या वहीत असेल. मागे राहिलेल्या शाखेचे, जमिनीचे आणि वाड्याचे नाव वेर्ण्याच्या किंवा कुठ्ठाळीच्या एखाद्या ख्रिस्ती गावकराच्या वांगडात सापडण्याची शक्यता आहे. वंशावळीत ही शाखा बहुतेक वेळा कोरीच ठेवलेली असते. ती भरायची असेल, तर कवळ्याचा अभिषेक आटोपल्यावर जुवारी उलटी ओलांडून तिथल्या गावकऱ्यांशी बोलावे लागेल.